विक्रोळीचे खाजण : न भरलेल्या जमिनीचा इतिहास

विक्रोळी म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे गोदरेजचा कारखाना येतो, कन्नमवार नगर आणि टागोर नगर या वसाहती येतात, पार्कसाइटची टेकडी येते आणि सकाळच्या धीम्या लोकलमधली गर्दी येते. जंगल काही येत नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावरून रोज ठाण्याला जाणाऱ्या माणसालाही उजव्या हाताची हिरवी पट्टी दिसते, पण ते जंगल आहे हे त्याच्या मनात येत नाही. 'झाडी' किंवा 'दलदल' एवढीच तिची नोंद होते. वस्तुतः महामार्ग आणि ठाण्याची खाडी यांच्या मधोमध सुमारे साडेसतराशे एकरांचे खारफुटीचे जंगल येथे उभे आहे. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या महानगराच्या पोटात एवढे मोठे सलग जंगल असावे, ही गोष्ट जितकी आनंदाची तितकीच कोड्यात टाकणारी आहे.

गेल्या हिवाळ्यात पूर्वपरवानगी काढून आम्ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेथे घेऊन गेलो. त्यांतले निम्मे विक्रोळी-कांजूर-भांडुप याच पट्ट्यात जन्मलेले. "याआधी येथे कोण आले आहे?" असे विचारले तेव्हा दोन हात वर झाले. भांडुपची एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, "सर, माझे आजोबा मिठागरावर कामाला होते. ते या झाडांना तिवरं म्हणायचे. जंगल कधी म्हणाले नाहीत." या एका वाक्याने आमच्या सहलीचे रूपांतर इतिहासाच्या तासात केले. हे जंगल कोणाचे होते, त्याला जंगल कोणी आणि कधी म्हटले, आणि सगळी मुंबई भरावावर उभी राहत असताना हेच का उरले, हे प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहेत. प्रस्तुत लेख त्या प्रश्नांचाच मागोवा आहे.

प्रथम जे पाहिले ते सांगतो. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखल उघडा पडलेला, आणि त्यातून हजारो बोटे वर यावीत तशी तिवराची श्वसनमुळे वर आलेली. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची मुळे खाली जाण्याऐवजी वर येऊन हवेतून श्वास घेतात. तिवराचे पान तोडून जिभेला लावले तर खारट लागते, कारण शोषलेले जादा मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकते. कांदळाचा प्रकार आणखी निराळा. त्याचे बी झाडावरच रुजते, लांब शेंगेसारखा कोंब धरते आणि मग खाली पडते. भरती-ओहोटीच्या पाण्यात बी वाहून जाण्याचा धोका असतो, म्हणून लेकराला चालता येऊ लागल्यावरच घराबाहेर सोडण्याची ही रीत. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मरांडी अशी नावे विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घेतली. यांतल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला आहे.

चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर येऊन कल्ल्यांजवळच्या परांवर सरकणारा हा जीव पाहून मुले हसली. एक पंजा मोठा आणि एक लहान असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे राहून पंजा हलवत होते. गळलेले पान खेकडे कुरतडतात, उरलेले कुजते, त्यावर सूक्ष्मजीव पोसतात, त्यांवर कोळंबी आणि माशांची पिल्ले. खाडीतल्या कोळ्याच्या जाळ्याला जे लागते त्याचा आरंभ या कुजक्या पानात आहे. खंड्या, बगळे, तुतारी आणि कुदळ्या दिसले. एका ठिकाणी ओल्या मातीत कोल्ह्याच्या पावलांचे ठसे होते. मुंबईच्या खारफुटीत आजही कोल्हे आहेत. या केंद्राच्या नोंदींत दोनशेंहून अधिक जातींचे पक्षी आहेत. दूर खाडीपात्रावर गुलाबी रेघ ओढल्यासारखे रोहित उभे होते.

पण पाहिलेल्या गोष्टींपेक्षा न दिसणारी गोष्ट मोठी आहे, आणि ती म्हणजे या जमिनीचा कागद.

मुंबईचा इतिहास हा भरावाचा इतिहास आहे, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सात बेटे जोडली गेली, खाड्या बुजल्या, समुद्र मागे रेटला गेला. या इतिहासाचे नायक बांध घालणारे गव्हर्नर, अभियंते आणि व्यापारी आहेत. ज्या जमिनीवर भराव पडला नाही तिचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही, कारण तेथे काही 'घडले' नाही असे आपण धरून चालतो. विक्रोळीचे खाजण हे अशा न घडलेल्या घटनेचे उदाहरण आहे. आणि न घडण्यालाही कारणे असतात.

विक्रोळी हा साष्टी बेटाचा भाग. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली, १७७४ साली इंग्रजांनी ती मराठ्यांकडून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली. या सगळ्या सत्तांतरांत खाडीकाठचे आगरी आणि कोळी आपापले काम करीत राहिले. खाडीकाठच्या जमिनीला त्यांच्या भाषेत किती नावे होती ते पाहण्यासारखे आहे. भरतीचे पाणी जिथे येते ते खाजण. बांध घालून भातासाठी राखली ती खार जमीन. बांधातून पाणी सोडायची जागा ती उघाडी. मीठ पिकवायचे ते आगर, आणि त्यावरून आगरी. ज्या समाजाला एका चिखलात इतके भेद दिसतात त्याला तो चिखल निरुपयोगी वाटत नाही. तिवराचे लाकूड जळणाला, पाला गुरांना, आणि झाडांची रांग बांधाच्या रक्षणाला, असा त्याचा हिशेब होता. भांडुपच्या त्या आजोबांनी 'जंगल' हा शब्द वापरला नाही, याचे कारण बहुधा हेच. जंगल म्हणजे माणसापासून दूर असलेली जागा, आणि तिवरे तर रोजच्या कामाच्या वाटेवर होती.

महसुलाच्या भाषेला हे भेद नको होते. तिला जमीन लागवडीची की बिनलागवडीची, सारा देणारी की न देणारी एवढेच कळत होते. कंपनी सरकारने साष्टीतल्या मोठमोठ्या जमिनी मुंबईच्या धनिकांना दिल्या. फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७-१८५१) हे त्यांतले एक प्रमुख. पवईच्या आपल्या इस्टेटीवर शेतीचे नवनवे प्रयोग करणारे म्हणून त्यांची ख्याती होती. विक्रोळीची जमीनही १८३० च्या दशकात त्यांच्याकडे आली. म्हणजे टेकडीपासून खाडीपर्यंतचा एक अखंड तुकडा एका मालकाच्या हाती गेला. त्यावर राहणाऱ्या माणसांना कोणी विचारले नाही, हे सांगायला नकोच. पण ही अखंडता पुढे महत्त्वाची ठरणार होती.

शंभर वर्षांनी, १९४० च्या दशकाच्या प्रारंभी, उच्च न्यायालयाच्या रिसीव्हरमार्फत झालेल्या जाहीर लिलावात यातली बहुतेक जमीन पिरोजशा गोदरेज यांनी घेतली. १८९७ साली सुरू झालेल्या कुलपांच्या व्यवसायाला लालबागची जागा अपुरी पडू लागली होती. विक्रोळीला तेव्हा रेल्वे होती आणि बाकी गवत, टेकड्या व चिखल. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या या नव्या कारखान्यात तयार झाल्या. भारतीय लोकशाहीच्या पहिल्या मतपेट्या आणि हे खाजण एकाच आवारात होते, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो.

कारखान्यासाठी, कामगारांच्या घरांसाठी रेल्वेलगतची उंच जमीन पुरेशी होती. खाडीकडची जमीन भरून काढण्याची निकड मालकाला नव्हती, आणि पुढे तशी इच्छाही त्याने धरली नाही. १९८५ साली सुनाबाई पिरोजशा गोदरेज फाउंडेशनने येथे सागरी परिसंस्था केंद्र स्थापन केले. रोपवाटिका, लागवड, अभ्यास आणि शाळकरी मुलांच्या सहली असे काम तेथे सुरू झाले. त्या काळात मुंबईत खारफुटीला 'डास पैदा करणारी घाण' मानणारेच बहुसंख्य होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. या कुटुंबातले सोहराब गोदरेज तर निसर्गसंवर्धनाच्या चळवळीत अग्रभागी होते.

येथे क्षणभर थांबून एक शंका उपस्थित केली पाहिजे. जंगल वाचले ते एका उद्योगसमूहाच्या विवेकामुळे, असे म्हणून कृतज्ञतेने लेख संपवता येईल. पण इतिहासाचे काम आभार मानण्याने संपत नाही. समजा, हीच जमीन शंभर मालकांत वाटली गेली असती, तर त्यांतल्या नव्वद जणांनी ती १९७० नंतरच्या भावाने विकली असती आणि उरलेल्या दहांनी रात्री डंपर आणून भराव टाकला असता. ठाण्याच्या खाडीच्या आणि मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या खाड्यांच्या काठी नेमके असेच झाले. म्हणजे विक्रोळीचे जंगल वाचण्यात विवेकाचा वाटा जेवढा, तेवढाच कंपनी सरकारने आखलेल्या त्या अखंड तुकड्याचाही. ज्या व्यवस्थेने काठच्या माणसांचा हक्क नाकारला तिच्याच पोटी हे जंगल राहिले. ही गोष्ट गैरसोयीची आहे, पण खरी आहे.

कायदा या कथेत फार उशिरा येतो. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटीला प्रथमच ठोस संरक्षण दिले. ते कागदावर किती आणि जमिनीवर किती, हा प्रश्न होताच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी शहरात शिरली आणि तिच्या मुखाशी बुजवलेल्या खाजणांची आठवण शहराला अचानक झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर, खारफुटीच्या तोडीला राज्यभर मनाई केली आणि सरकारी जमिनीवरच्या खारफुटीला संरक्षित वन म्हणून जाहीर करण्यास सांगितले. खासगी जमिनीवरची खारफुटीही वनच, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने हे सारे कायम केले. मधल्या काळात २०१२ साली वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला.

विक्रोळीपुरते पाहिले तर 'वन' या शब्दाचा प्रवास मोठा विचित्र दिसतो. १९५० च्या दशकात सरकारने विक्रोळीच्या काही जमिनीला वनकायद्याखाली नोटीस काढली होती. पुढे त्याच नोटिशीच्या आधारे, १३३ एकर ३८ गुंठे जमीन 'खासगी वन' ठरून सरकारजमा झाली आहे, असा दावा उभा राहिला. त्या जमिनीवर तोवर इमारती झालेल्या होत्या. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३० जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने सरकारचा दावा अमान्य केला. म्हणजे जिथे झाडे उरली नव्हती तिथे कागदावर वन होते, आणि खाडीकाठी जिथे पिढ्यान्‌पिढ्या वन उभे होते त्याला वन म्हणण्यासाठी २००५ साल उजाडावे लागले. शब्द आणि वस्तू यांची अशी फारकत भाषेच्या विद्यार्थ्याने वर्गात अनेकदा ऐकलेली असते. येथे ती सातबाऱ्यावर दिसते.

आता खाडीकडे येऊ. १९९० च्या दशकापासून शिवडी-माहुलच्या चिखलावर रोहित पक्षी मोठ्या संख्येने उतरू लागले आणि हळूहळू साऱ्या खाडीत पसरले. यात मोठा रोहित आणि छोटा रोहित अशा दोन्ही जाती आहेत. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचा मुक्काम असतो आणि त्यांची संख्या लाखावर जाते. ते येथेच का आले, याचे एक कारण अभ्यासक सांगतात ते कवितेत बसणारे नाही. शहराचे सांडपाणी खाडीत येते, त्यावर शेवाळ माजते आणि छोट्या रोहिताचे मुख्य अन्न ते शेवाळ आहे. आपण ज्या गुलाबी थव्यांची छायाचित्रे काढतो त्यांत आपल्याच मोऱ्यांचाही रंग आहे.

६ ऑगस्ट २०१५ रोजी ऐरोली आणि वाशी या दोन पुलांदरम्यानच्या पश्चिम काठाला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. त्याचे क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर, त्यांपैकी ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाणी. विक्रोळीचा काठ याच दोन पुलांच्या मधला. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातले तिसरे रामसर स्थळ. ज्या चिखलाला महसुलाच्या भाषेत किंमत नव्हती तो आता आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा ठरला.

पण दर्जा मिळाला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. ९ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे वीस हजार खारफुटीची झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने सार्वजनिक हित मानून परवानगी दिली. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी विक्रोळीतल्या जमिनीच्या संपादनाला आव्हान देणारी गोदरेजची याचिका फेटाळली गेली. बोगदा खाडीच्या तळाखालून सुमारे सात किलोमीटर जाणार, त्यामुळे अभयारण्याला धक्का कमी, असे योजनेचे म्हणणे आहे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ उतरत्या विमानाला धडकून ३९ रोहित मेले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी कांजूर-भांडुप-मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीतील काही रहिवाशांच्या घरांसाठी वापरण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. जे आगर आगऱ्यांना नाव देऊन गेले त्याचा शेवटचा अवशेषही आता घरांच्या हिशेबात आला आहे.

आणि घरांचा हा हिशेब हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विक्रोळीला दोन टोके आहेत. एका टोकाला खाडी, दुसऱ्या टोकाला टेकडी. १८ जुलै २०२१ च्या पावसात सूर्यनगर भागात दरड कोसळून दहा माणसे मेली. टेकडीच्या उतारावर घर बांधण्याची हौस कोणाला नसते. सपाट जमिनीचा भाव परवडत नाही म्हणून माणूस उतारावर जातो. आम्ही खारफुटीच्या सावलीत उभे राहून जंगलाच्या रक्षणाविषयी बोलत होतो तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, झाडांना एवढी जागा आहे, मग माणसांना का नाही?" प्रश्न उद्धट नव्हता. तो सूर्यनगरच्या शेजारच्या वस्तीतला होता.

त्याला त्या क्षणी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. भरती, पूर, मासे, हवा असे सगळे सांगितले. नंतर वाटले, उत्तर जंगलाच्या उपयोगात नाही, इतिहासात आहे. झाडांनी माणसांची जागा घेतलेली नाही. टेकडीपासून खाडीपर्यंतची जमीन आधी एका कागदाने एका हाती गेली आणि मग उरलेल्यांनी उरलेल्या जागी राहायचे होते. जंगल भरून काढले असते तरी त्यावर सूर्यनगरच्या माणसाला घर मिळाले नसते, हे गेल्या पन्नास वर्षांत भरलेल्या खाजणांवर कोण राहते ते पाहिले म्हणजे कळते. खारफुटी आणि झोपडी यांना एकमेकांसमोर उभे करणारा युक्तिवाद तिसऱ्याच्या फायद्याचा असतो.

तरीही त्या मुलाचा प्रश्न निकाली निघत नाही. जे जंगल शेजारच्या माणसाला दिसत नाही, जिथे तो परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, ज्याचे नाव त्याच्या तोंडी नाही, ते त्याने का राखावे? आजवर हे जंगल मालकाच्या विवेकाने राखले, नंतर न्यायालयाच्या हुकमाने. मालकी बदलते, विवेक वारशाने मिळतोच असे नाही, आणि 'सार्वजनिक हित' या शब्दांचा अर्थ प्रत्येक निकालागणिक नव्याने लावला जातो. राखणारा तिसरा कोणी असायला हवा, आणि तो महामार्गाच्या अलीकडे राहणारा विक्रोळीकरच असू शकतो. केंद्रात शाळकरी मुले येतात ही त्याची सुरुवात आहे. ती पुरेशी नाही.

आमच्या विषयापुरते बोलायचे तर मराठीलाही येथे काही करता येईल. आपल्या साहित्यात समुद्र पुष्कळ आहे. लाटा आहेत, किनारा आहे, नारळ-पोफळी आहेत. खाजण क्वचित येते, आणि आलेच तर कुजकेपणाची खूण म्हणून. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोशा'सारख्या ग्रंथांतून पक्ष्यांची नावे मराठी वाचकाला जशी परत मिळवून दिली, तसे काम खाडीकाठच्या शब्दांसाठी व्हायला हवे. ज्या आजोबांना खाजण, खार, आगर आणि उघाडी यांतला फरक ठाऊक होता त्यांची पिढी झपाट्याने सरत आहे. त्यांच्याबरोबर शब्द गेले की मागे फक्त 'दलदल' उरेल, आणि दलदलीवर भराव टाकायला कोणाचेच मन कचरत नाही.

परतताना भरती लागली होती. तासापूर्वी उघडी असलेली श्वसनमुळे पाण्याखाली जात होती. भांडुपच्या त्या मुलीने तिवराचे एक गळलेले पान वहीत ठेवून घेतले होते. आजोबांना दाखवीन, म्हणाली. दुसऱ्या दिवशी वर्गात आली तेव्हा तिच्याकडे आजोबांनी सांगितलेल्या शब्दांची यादी होती. एकूण सतरा शब्द. त्यांतले नऊ मला माहीत नव्हते.